अंगणातली मातीची कृष्णा

मित्रांनो, मी एक जुना नकाशा आहे, मातीचा, बाजेएवढा. सांगलीतल्या एका कचेरीच्या मागच्या अंगणात, छपराखाली माझा मुक्काम असतो. माझ्या अंगावर कृष्णा नदी आहे आणि तिच्या एका वळणात साळूबाईची वस्ती आहे. त्या वस्तीकडे पाहिले की आजही मला मेल्याहून मेल्यासारखे होते.

स्वातंत्र्याच्या आदल्या वर्षी, उन्हाळ्यात, मिरजेचे गवंडी चांदसाहेब यांनी मला घडवले. पुराचे पाणी कुठे फुटते आणि कुठे पसरते, हे कचेरीला पाहायचे होते. पाणी वस्तीला वेढणार असे दिसले, तर वस्ती पावसाळ्याआधी माळावर हलवायची होती. वळणाच्या अलीकडे नदीतून एक कोरडा ओढा फुटतो आणि वस्तीच्या मागून जातो. चांदसाहेबांनी तो माझ्या अंगावर खिळ्याने कोरला आणि ते पाचगणीला दुसऱ्या कामावर निघून गेले.

साळूबाई कचेरीची झाडलोट करायची. ओव्हरसियर लालासाहेब तिला म्हणाले, "उद्या मोठे साहेब येणार आहेत. सगळं नीटनेटकं कर."

पाहुणे येणार म्हणजे सारवायचे, आणि त्याआधी भेगा बुजवायच्या, हे तिच्या हातालाच ठाऊक. तिने अंगण सारवले, मग मला घेतले. ओढा तिला भेग वाटला. तिने त्यात चिखल दाबला आणि वरून शेणाचा हात फिरवला. मी इतका देखणा कधीच दिसलो नव्हतो. ओढा गेल्याचे मला कळत होते, पण नटण्याच्या नादात मला त्याचे काही वाटले नाही. त्याची लाज अजून जात नाही.

दुसऱ्या दिवशी लालासाहेबांनी माझ्या नदीत घागर रिकामी केली. पाणी काठापर्यंत चढले आणि सरळ पुढे गेले. वस्ती कोरडी राहिली. मोठ्या साहेबांनी माझे कौतुक केले आणि वस्ती आहे तिथेच राहू द्या, असे सांगितले. साळूबाई दारात उभी होती.

"बरं झालं," ती म्हणाली. "भिताडं मोडायची वाचली."

श्रावणात कृष्णा खरोखर चढली आणि पाणी ओढ्याने फुटले. पुढे नदी, मागे ओढा. माणसे छातीभर पाण्यातून कशीबशी माळावर पोचली. साळूबाईची गाभण म्हैस दावणीलाच राहिली. मागून पाणी येईल हे कुणाच्या ध्यानीमनी नव्हते, म्हणून तिचे दावे कुणी वेळेवर सोडलेच नाही.

पूर ओसरल्यावर चांदसाहेब आले. त्यांनी माझ्यावरून बोट फिरवले आणि ते थांबले.

"हितं कुणी लिंपलं?"

"मी लिंपलं, भाऊ," साळूबाई म्हणाली. "भेग पडली हुती. पावणं येनार, उघडी कशी ठिवायची?"

"आवं, भेग न्हवती ती. वढा हुता त्यो."

साळूबाई माझ्याजवळ येऊन बसली. लालासाहेब हलक्या आवाजात म्हणाले, "ओढा कचेरीतल्या कागदी नकाशावर होता. मीच कागद उघडून पाहिला नाही." नखाने चिखल उकरून तिने ओढा मोकळा केला, स्वतः घागर आणली आणि ओतली. पाणी दोन वाटांनी फुटले आणि तिच्या वस्तीभोवती फिरले. ती ते जिरेपर्यंत पाहत राहिली.

वस्ती आता माळावर आहे. साळूबाई होती तोवर दर ज्येष्ठात यायची आणि ओढ्यातून बोट फिरवून जायची.

मित्रांनो, कुठल्याही वस्तूची निगा राखा, पण तिच्यावरची रेघ कशासाठी आहे, ते आधी विचारा. मी आता भेगाळलो आहे. कुणाला माझी दया येईल, कुणी शेणाची पाटी घेऊन येईलही. हात जोडून सांगतो, मला सारवू नका.