पतंगमहाराजांचं तेज

अंधार पडायला लागला की पतंगमहाराजांच्या गच्चीवर मुंगी शिरायला जागा नसे. महाराज पांढऱ्या पडद्यापुढे डोळे मिटून बसत आणि कुठून कुठून पतंग पंख फडफडवत येऊन त्या पडद्याला चिकटत.

"गेलेली माणसं आली बरं का," महाराज म्हणत. "ज्याचं त्यानं ओळखावं."

लोक ओळखतही. कोणाला आजोबा सापडत, कोणाला मेहुणा. महाराजांचा सदरा आणि दात निळसर चमकत. भक्त त्याला तेज म्हणत.

आईही तिथे नेमाने जाई. शाळेत विज्ञान शिकवणारी तिची थोरली मुलगी एकदा तिला न्यायला तिथे गेली आणि जागीच थबकली. आईचं मोतीबिंदूचं ऑपरेशन ठरलं होतं, आणि महाराज एका तपकिरी पतंगाकडे बघून सांगत होते, "यजमान म्हणतात, डोळ्याला सुरी लावू नका."

वाटेत थोरली म्हणाली, "बाबांनी जन्मात तुला कशाला नाही म्हटलं नाही."

"मेल्यावर धीर आला असेल," आई म्हणाली.

अशा बाईशी वाद घालण्यात अर्थ नव्हता. पण त्या निळसर तेजावरून थोरलीच्या डोक्यात किडा वळवळायला लागला होता. तिने बाजारातून अतिनील एलईडी आणले, अॅल्युमिनियमच्या पट्टीवर बसवून तारा सोल्डर केल्या. पहिल्या खेपेला वीज आवरून धरणारा रेझिस्टर लावायचा राहिला. दिवे लखकन पेटले आणि कायमचे विझले.

"हे कोण वारलं?" आईने विचारलं.

दुसऱ्या खेपेला जमलं. प्लास्टिकच्या रिकाम्या बरणीत पट्टी, खाली बॅटरी, आणि मागे गच्चीच्या दोरीवर पांढरी चादर. आधी चिलटं आली. मग पतंग आले, राखाडी, पिवळे, एक तर हिरवागार. आई चादरीला नाक लावून बघू लागली.

"यातले तुझे बाबा कुठले?"

"तूच सांग. हा उजेड आपल्याला जेमतेम दिसतो, पतंगांना लख्ख दिसतो, म्हणून ते येतात. आणि धुण्याच्या पावडरीमुळे पांढरे कपडे त्यात चमकतात. तुझी शाल बघ."

आईने बघितली. तीही तेजस्वी झाली होती.

"म्हणजे इतके दिवस मी परक्या किड्यांना सुखदुःख सांगत होते," ती हसत म्हणाली. मग शालीनेच डोळे पुसले.

दुसऱ्या संध्याकाळी आई ती बरणी पिशवीत घालून महाराजांकडे गेली. कोपऱ्यात बसून तिने दिवा लावला. नवे येणारे पतंग शालीवर उतरू लागले तशा माना तिच्याकडे वळल्या.

महाराज सावरून म्हणाले, "माई, तुमच्यावर कृपा झाली."

"कृपा नाही हो, बॅटरी." आईने बरणी वर धरली. "तुमची कुठेय?"

उत्तराची वाट न बघता ती पडद्याशी गेली आणि तिथल्या कुंडीतली फुलं बाजूला केली. आत तसेच दिवे होते. तिने आपला दिवा बंद केला आणि कुंडीतली वायर उपटली. तेज गेलं, आणि कोणीतरी लावलेल्या टॉर्चच्या उजेडात महाराजांचे दात चारचौघांसारखे पिवळे दिसू लागले.

पहिल्या रांगेतला किराणावाला हळूच म्हणाला, "मग माझा भाऊ?"

आई त्याच्याशेजारी टेकली. "भाऊ आठवतो ना तुम्हाला? तेवढं खरं आहे. त्याला मध्ये दलाल कशाला?"

महिन्याभरात आईचं ऑपरेशन नीट पार पडलं. आता कोणी नवा चमत्कार सांगत आलं, की ती चहा देते, सगळं ऐकून घेते आणि म्हणते, "हात जोडायचे तर जोडा. पण आधी पडद्यामागे जाऊन बघून या."