पट्ट्याचा पीळ

आमचे हे खिडकीतून गाडीत शिरत होते. आधी डोकं गेलं, मग खांदे, मग साठीला आलेला तो देह मध्येच अडकला आणि दोन पाय बाहेर हवेत हलत राहिले. वरच्या मजल्यावरचे दोघेजण कप हातात घेऊन कठड्याशी आले होते. मीही आमच्या गॅलरीतून बघत होते. खाली जाऊन ओढून काढावं, असं एकदाही मनात आलं नाही.

गाडीच्या टपावर सोळा फुटांची कयाक पालथी घातलेली होती. कयाक म्हणजे लांबोडकी, अरुंद होडी. मध्ये बसायचं आणि दोन तोंडांच्या वल्ह्यानं पाणी मारत सुटायचं. गाडी आमची अकरा फुटांची. अंथरूण पाहून पाय पसरावेत हे शाळेतल्या पोरालाही कळतं. यांनी कपडे वाळत घालायची दोरी चारही खिडक्यांतून आरपार घेऊन होडी आवळली होती, आणि तिच्याबरोबर गाडीची चारही दारं बांधून टाकली होती. हे ध्यानात यायलाच यांना अर्धा तास लागला.

मी यांना अहो-जाहो करते ते व्याकरणापुरतं. चौतीस वर्षं हा माणूस आवक-जावक कारकून होता. आलेल्या पत्रावर शिक्का, गेलेल्या पत्रावर शिक्का. बढतीची परीक्षा दोनदा आली आणि दोन्ही वेळा यांचं पोट बिघडलं. घरात साधा खिळा ठोकायचा तरी ‘तुला काय वाटतं’ म्हणून हातोडी घेऊन माझ्यासमोर उभे. आणि असा माणूस निवृत्त झाल्यावर एका बंद पडलेल्या बोट क्लबात जातो आणि मला न विचारता हातगाडीवर होडी घालून घेऊन येतो! त्याचा मला राग आला होता, आणि तो अजून गेलेला नाही.

दोन महिने ती होडी खाली पार्किंगच्या बोळात दोन विटांवर पालथी पडून होती, वर आमची जुनी चादर. मी तिला बोटही लावलं नाही. शेवटी सोसायटीच्या सेक्रेटरीनं बजावलं की येत्या तिसऱ्या रविवारपर्यंत हलवा, नाहीतर सोमवारी भंगारवाला येईल. तीस किलोमीटरवर तळं आहे. तिथल्या नावाड्यानं आपल्या शेडमध्ये ठेवून घ्यायचं कबूल केलं होतं. प्रश्न फक्त तिथवर नेण्याचा होता. टपावर बसवायचा कॅरिअर होडीच्या निम्म्या किमतीचा, आणि टेम्पोवाला त्याहून शहाणा. म्हणून हे दोरीचं शास्त्र. पहिल्या रविवारी पहिल्याच गतिरोधकावर होडी पुढे सरकली आणि गाडीनं जीभ काढल्यासारखी बॉनेटवर आली. दुसऱ्या रविवारी दोरी तुटली. आजचा तिसरा, आणि शेवटचा.

काखेत कळसा आणि गावाला वळसा म्हणतात, तो हा. मी बावीस वर्षं मागच्या खोलीत मशीनवर ताडपत्र्या, सीटकव्हरं आणि सामान बांधायचे पट्टे शिवते. ट्रकवाले माझ्याकडे येतात. पट्टा वाऱ्यावर रस्ताभर भुणभुणतो, डोकं उठतं, अशी तक्रार करतात. त्यांना सांगावं लागतं, अरे बाबांनो, सपाट पट्टा गाणारच, त्याला एक पीळ द्या म्हणजे गप्प बसेल. हे सगळं घरात असताना हा माणूस तीन आठवडे दुकानं पालथी घालत होता. मला एका शब्दानं विचारलं नाही. का, तर मी बोलेन. बोललेच असते. सुंभ जळेल पण हिच्या जिभेचा पीळ जायचा नाही, असं माझी सख्खी आई म्हणायची.

“त्या तरंगत्या पेटीत मी पाऊल ठेवणार नाही, आत्ताच सांगते,” असं मी यांना पन्नासदा तरी सुनावलं असेल. हे ऐकून घेत आणि पेपर उलटत. पण शुक्रवारी मी माझे कापडी बूट धुतले आणि गॅलरीत कठड्यावर वाळत ठेवले. खोटं कशाला बोलू? हे एकदा चल म्हणतील, दोनदा म्हणतील, तिसऱ्यांदा कुरकुरत जायचं, असं मी मनाशी ठरवून ठेवलं होतं.

हे खिडकीतून परत बाहेर आले आणि जिन्याच्या पायरीवर बसले. सेक्रेटरी घड्याळ बघत खाली उतरला. कठड्यावरचे दोघे हसले. मग मात्र माझं टाळकं फिरलं. माझ्या नवऱ्याला हसायचा हक्क माझा आहे, तो मी कुणाला भाड्यानं दिलेला नाही. मी मशीनवर बसले, जाड पट्ट्याचे दोन लांब तुकडे काढले, दोन्हींना तिहेरी शिलाई मारून बक्कलं बसवली, जुन्या गादीतला फोम कापला आणि तासाभरात खाली गेले.

“सोडा ती दोरी,” मी म्हटलं.

यांनी मुकाट्यानं सोडली. पट्टा खिडकीतून नाही, चारही दारं उघडून आतून छताखालून घ्यायचा, वर होडीवरून फिरवून बक्कलात आवळायचा आणि मग दारं लावायची, हे मी यांना दाखवत होते. पुढच्या-मागच्या टोकांना दोऱ्या बांधून त्या बंपरखालच्या हुकात अडकवायच्या. मूर्खालाही जमेल, असंही म्हटलं. हे मान हलवत होते. मग होडी जरा उचलून मी खाली फोम सरकवायला घेतला. माणूस बसायच्या भोकाच्या काठाला फोम टेकवला की होडी पुढेमागे सरकत नाही. मी हात घालून चाचपलं. मधलं भोक लागलं, त्याला फोम टेकवला. मग मागचं शोधायला हात मागे नेला. गुळगुळीत. आणखी मागे नेला, पार टोकापर्यंत.

“दुसरी कुठाय?”

“काय?”

“बसायची दुसरी जागा.”

हे गाडीच्या पलीकडे होते. मला यांचं फक्त कपाळ दिसत होतं.

“एकाच माणसाची आहे ती,” हे म्हणाले.

“त्या क्लबवाल्याकडे दोघांची नव्हती?”

“होती. किंमतपण तीच होती.” खोटं बोलायची अक्कल या माणसाला साठीतही आलेली नाही.

“मग?”

“पाण्यावर शांत असतं गं,” हे म्हणाले. त्यात टोमणा नव्हता. टोमणा यांना जमतच नाही. आलेल्या पत्रावर शिक्का मारावा तसं म्हणाले.

हातात पट्टा होता, तो बक्कलात घातला आणि ताकद लावून आवळला. दुसराही आवळला. सपाट, ताठ बसला होता, बोटानं वाजवला असता तर वाजला असता. तसाच ठेवावा, तीस किलोमीटर भुणभुणू दे यांच्या डोक्यावर, असं क्षणभर वाटलं.

मग बक्कल सैल केलं, पट्ट्याला एक पीळ दिला आणि पुन्हा आवळलं. दुसऱ्यालाही दिला.

हे दार उघडून, माणसासारखे आत बसले. “नीट बसलंय ना?” विचारलं.

“बसलंय,” मी म्हटलं.

गाडी निघाली. गतिरोधकावर होडी हलली नाही. “तुम्ही नाही गेलात, ताई?” सेक्रेटरी म्हणाला. मला काम आहे म्हणून सांगितलं. वर कठड्यावर बूट वाळून कडक झाले होते. गाडी वळणाआड जाईपर्यंत मी कान देऊन उभी होते. पट्ट्यांचा काही आवाज आला नाही.