घोडीसाठी घेतलेला ट्रेलर

"डिंगोरे गावाच्या इतिहासाचे आता दोन भाग पडणार, ट्रेलरच्या आधीचा आणि नंतरचा!" हौशीरामनं जाहीर केलं. शर्यतीत बैलगाड्यापुढं पळणारी आपली घोडी कळंबच्या घाटात, म्हणजे शर्यतीच्या धावपट्टीवर, ताजीतवानी पोचावी, म्हणून त्यानं घोडं न्यायचा सेकंडहँड ट्रेलर घेतला होता.

घोडी आत पाय ठेवीना. तिला दाखवायला तो स्वतःच गूळ घेऊन आत चढला. आत पाय घसरून तो धपकन पडला, तशी पहाटेच्या अंधारात घोडीच चढली समजून बायको सारजाबाईनं बाहेरून कडी घातली आणि भाड्याच्या ट्रॅक्टरवाल्यानं ट्रॅक्टर हाकला.

मागं चाकं फिरली की पुढं पळायचं, एवढंच शिकलेली घोडी कळंबपर्यंत ट्रॅक्टरपुढं पळाली (ट्रॅक्टरवाल्याला वाटलं, दुसऱ्याच कुणाची तरी असंल) आणि घाटात आडवी झाली.

पंच म्हणाले, "घोडी लई दमली, राव. आता गाड्यापुढं पळायला ताजं कोन हाये?"

ट्रेलरमधून आवाज आला, "मी हाये. पन आधी तेवढी कडी काढा."