घासागणिक एक स्टिकर

मी डावा दरवाजा बोलतोय, पत्र्याच्या कपाटाचा. उजव्या दरवाजाला आरसा आहे, म्हणून त्याला सगळे रोज पुसतात, त्याच्यापुढे उभं राहून केस विंचरतात. माझ्याकडे नुसता फिका हिरवा रंग. आणि मोकळा पत्रा दिसला की माणसांचे हात शिवशिवतात, काहीतरी चिकटवल्याशिवाय चैन पडत नाही.

कारखान्यातून निघालो तेव्हा मी करडा आणि चकचकीत होतो. दुकानदाराने माझ्या ऐन छातीवर भलामोठा कागद चिकटवला, 'रंगाला जपा'. तो कागद काढतानाच मला पहिला ओरखडा पडला! माणसांची अक्कल मला त्या दिवशीच कळली.

मला घेतलं ते घरमालकीण काकूंनी. आधी मी त्यांच्याच घरात होतो. मग त्यांनी मला हिरवा रंग देऊन या भाड्याच्या खोल्यांत आणून ठेवलं. मागच्या भाडेकरूंना तर त्यांनी माझ्यावरच्या एका चिकटपट्टीवरून घालवलं. आताचे तिघं म्हणजे आई, बाबा आणि छोटी चिमी. ते राहायला आले त्या दिवशी काकू बोट नाचवत म्हणाल्या, "भिंतीला खिळा नको, कपाटाला चिकटवाचिकटवी नको. मुदत संपली की मी स्वतः बघणार, मगच ठरवणार तुम्हाला ठेवायचं का ते."

"हो काकू, शब्द आहे माझा," आई म्हणाली.

शब्द टिकला चिमीला ताप येईपर्यंत. औषधाच्या वेळा विसरायला नकोत म्हणून माझ्यावर एक कागद आला. डॉक्टरांचा नंबर पटकन सापडावा म्हणून दुसरा. ताप उतरला, कागद तसेच. मग पोरीचं डोकं आपटेल म्हणून माझ्या कडेला स्पंज चिकटला. पोरगी आपटायची ती टेबलावर, पण आईची भीती माझ्यावर.

खरा कहर केला जेवणाने. चिमी घास गिळेना. आईने युक्ती काढली. एक घास गिळला की एक स्टिकर. बदक, फुगा, चांदणी, ससा. पोरगी गुबगुबीत झाली आणि मी देवीचे वण आल्यासारखा दिसायला लागलो.

मुदत संपत आली तशी आईची झोप उडाली. चिमी आता कुठे समोरच्या बालवाडीत न रडता जायला लागली होती. घर गेलं की पुन्हा नवी जागा, पुन्हा तो टाहो.

"अहो, काकू रविवारी येणार. हे कसं काढू?"

"त्यात काय एवढं? सुरीने खरवड," बाबा खुर्चीतूनच म्हणाले. सल्ला द्यायला उठावं लागत नाही.

सुरीने कागद निघाला, डिंक राहिला, वर ओरखडे. मग तारेची घासणी आली आणि त्या ओरखड्यांना भावंडं झाली. तेवढ्यात शेजारीण डोकावली. "अगं, थिनर लाव की! एका फटक्यात निघतं."

निघालं ना! स्टिकरही निघाला आणि रंगही. तळहाताएवढी जागा सोलली. आई मटकन खालीच बसली. डोळ्याला पदर लावल्यावर सोललेल्या रंगाखाली काय दिसतंय ते बघणार कोण? तिथून एक लाल चाक डोकावत होतं.

थोड्या वेळाने ती चिमीच्या डोक्याला तेल लावून उठली आणि तेलकट हातानेच मला टेकली. हाताखालचा डिंक सुटला! मग तिने कोमट पाण्याचं फडकं स्टिकरांवर दाबून धरलं, कडेने हळू सोललं, उरलेल्या डिंकावर तेल चोळलं, शेवटी साबणाच्या पाण्याने पुसलं. पत्र्याला एवढंच लागतं हो. पण मला विचारतो कोण?

उरली सोललेली जागा. तिच्यावर तिने डोळे मिटून चिमीचा सगळ्यात मोठा हत्ती चिकटवला.

रविवारी काकू आल्या. "हा हत्ती कशाला?"

"चिमीचा लाडका आहे, काकू," आई कशीबशी म्हणाली.

सोंडेचं टोक जरासं वर आलं होतं. वर आलेलं टोक दिसलं की भल्याभल्यांचं नख तिकडे जातं. काकूंनी ओढलं.

"काकू, चूक झाली, थिनरने..." आई सांगायला लागली.

"गाडी!" चिमी ओरडली.

रंगाखालून एका जुन्या स्टिकरवरची लाल गाडी अर्धी बाहेर आली होती. काकूंच्या मुलाची. त्याच्या लहानपणी मी असाच नखशिखांत भरलो होतो. तेव्हा काकूंनीच रंगाऱ्याला सांगितलं होतं, "द्या वरूनच हात मारून, कोण बसलंय खरवडत!"

"ही कुणी लावली?" चिमीने विचारलं.

काकूंनी उजव्या दरवाजाच्या आरशात बघून केस नीट केले. "लाव बाई तो हत्ती परत," त्या आईला म्हणाल्या. "लेकरांच्या घरात व्हायचंच असं. राहा तुम्ही."

एका चिकटपट्टीवरून गेलेल्यांची त्यांना आठवण झाली नाही.

घर राहिलं, बालवाडी राहिली. आईने त्या दिवशी पोटभर जेवून घेतलं, स्टिकर न घेता. माझी विनंती एवढीच. चिकटवायचंय तर चिकटवा बापडे, पण काढताना सुरी बाजूला ठेवा आणि तेलाची बाटली उचला.

लवकर ऐका म्हणजे झालं. सोंडेचं टोक पुन्हा वर येतंय, आणि चिमी येता-जाता तिकडेच बघते.