मनाई सगळ्यांना होती

जपून हात लावा, मित्रांनो. माझ्या कडा गंजून धारदार झाल्या आहेत. मी पत्र्याची एक जुनी पाटी आहे. नीट पाहिलंत तर लाल रंगावरची पांढरी अक्षरं अजून वाचता येतील : ‘विडी-सिगारेट ओढण्यास सक्त मनाई’.

१९८४ साली भिवंडीच्या बाजारातल्या एका रंगाऱ्यानं मला रंगवलं. शेलार गावाच्या बाजूला चोवीस मागांचा एक कारखाना होता. शेजारच्या कारखान्यात कुणाच्या तरी पेटत्या विडीनं कापडाचे तागे जळाले, तेव्हा आमच्या शेठनं घाबरून मला करून घेतलं. मागाच्या कारखान्यात कापसाचे बारीक तंतू दिवसभर हवेत उडत असतात. एवढीशी ठिणगीही तिथे पुरते.

कचेरी म्हणजे कोपऱ्यात प्लायवूडची अर्धी भिंत घालून केलेली खोली. त्या भिंतीला लागून असलेल्या खांबावर मला ठोकलं. एका बाजूला मॅनेजरचं टेबल, दुसऱ्या बाजूला सुताच्या कांड्या भरायचं मशीन, समोर सगळे माग. माग चालू झाले की खांबसुद्धा थरथरायचा, आणि माझा एक खिळा सैल होता. दोन्ही शिफ्टभर मी खडखडत राहायचे. स्वस्थ असणं कसं असतं, ते मला ठाऊकच नव्हतं.

पहिली काही वर्षं माझा मान होता. कामगार विड्यांचं बंडल दारातल्या फळीवर ठेवून आत येत. कमळाबाई झाडू मारून झाला की ओल्या फडक्यानं मला पुसायची. विम्याचा माणूस पाहणीला आला तेव्हा त्यानं मला मोठ्यानं वाचून मान डोलावली होती.

मग अठ्ठ्याऐंशी साली अवधूतराव मॅनेजर म्हणून आले. माणूस वाईट नव्हता. कामगारांचे अर्ज लिहून द्यायचे, त्यांच्या पोरांच्या शाळेचे फॉर्म भरायचे. पण पहिल्याच दिवशी त्यांनी टेबलाशी बसून सिगारेट पेटवली, थेट माझ्याखाली. शिपायानं चाचरत माझ्याकडे बोट दाखवलं, तर ते हसून म्हणाले की ही पाटी मागावरच्या लोकांसाठी आहे.

धूर अर्ध्या भिंतीवरून पलीकडे जायचा. पलीकडे मीराबाई कांड्या भरायची. ती वज्रेश्वरीहून एसटीनं यायची, अकरा वर्षं तिथेच कामाला होती. कापसाच्या तंतूंमुळे तिला छातीचा त्रास आधीपासून होता. डॉक्टरांनी तिला धुरापासून लांब राहायला सांगितलं होतं, पण मशीन तिथेच होतं आणि सिगारेटही तिथेच होती. पदर नाकाशी धरून ती दुसऱ्या हातानं काम करायची. साहेबांना ती कधी काही बोलली नाही. मी खडखडत होते, एवढंच. मागांच्या आवाजात माझा आवाज कोण ऐकणार?

एक्क्याण्णवच्या मार्चमध्ये राघो सापडला. राघो अंबाडी गावचा, चार माग सांभाळणारा चांगला कारागीर. त्याच्या घरी आई अंथरुणाला खिळलेली होती आणि त्याची सलग दुसरी शिफ्ट चालू होती. डोळे मिटायला लागले म्हणून त्यानं दाराच्या आतच विडी पेटवली आणि दोन झुरके घेतले. अवधूतरावांनी त्याला पंधरा दिवस कामावरून बंद केलं. हुकूम सुनावताना त्यांच्या बोटांत सिगारेट जळत होती.

राघोनं विचारलं, “साहेब, तुमच्या हातात काय हाय?”

“मी माझ्या टेबलाशी ओढतो. तो माझा खासगी प्रश्न आहे,” अवधूतराव म्हणाले.

अर्ध्या तासात सगळे माग बंद पडले. सात वर्षांत पहिल्यांदा भर शिफ्टमध्ये माझी खडखड थांबली, आणि त्या शांततेनं मी जास्तच बेचैन झाले. कामगार माझ्यासमोर जमले. कुणी म्हणे, राघोला परत घ्या. मग एकाचा आवाज चढला, की साहेबाला हक्क असेल तर आम्हालाही आहे, आपणही आत ओढू. सगळ्यांना ते पटलं. राघोच हातोडा घेऊन माझ्याकडे आला. सैल खिळा त्यानं एका झटक्यात उपटला. मी एका बाजूनं लोंबकळू लागले.

तेवढ्यात मीराबाई मशीनवरून उठली. धाप लागली होती म्हणून ती खांबाला धरून उभी राहिली.

“त्यानं ओढली तर साहेबकी, तुमी ओढली तर हक्क,” ती म्हणाली. “आन् माझी छाती? ती कोनाची हाय?”

राघो तिच्याकडे पाहत राहिला. तिच्या शेजारच्याच मागावर तो इतकी वर्षं उभा होता, आणि तिचा पदर नाकाशी का असतो हे त्यानं कधी विचारलं नव्हतं. त्यानं हातोडा खाली ठेवला. मग तो कचेरीत गेला आणि म्हणाला की पंधरा दिवस मी घरी बसतो, माझी चूक मला कबूल हाय. पण उद्यापासून आत कोनीच ओढायची न्हाय. अवधूतरावांना ते फार लागलं. पदाला काही मान असतो की नाही, असं ते म्हणाले आणि त्यांनी पाठ फिरवली.

तीन दिवस माग बंद राहिले. चौथ्या दिवशी शेठ आले. त्यांनी राघो आणि अवधूतराव दोघांचं ऐकून घेतलं. मग लोंबकळत्या मला हातानं सरळ धरून त्यांनी एकेक अक्षर वाचलं आणि अवधूतरावांना विचारलं, “इसमें नाम किसका लिखा है?”

अवधूतराव म्हणाले, “कुणाचंच नाही.”

राघोची बंदी उठली, माग सुरू झाले. आता दोघंही फाटकाबाहेरच्या बदामाखाली ओढायला जात, सुरुवातीला एकमेकांकडे पाठ करून. पावसाळा संपेपर्यंत साहेब राघोकडे काडेपेटी मागू लागले होते.

इथे संपलं असतं तर मलाही बरं वाटलं असतं. पण मीराबाईची छाती सुधारली नाही. दीड वर्षानं तिनं काम सोडलं. अवधूतराव आणि राघो तिला भेटायला वज्रेश्वरीला गेले. परत आल्यावर राघोनं कमळाबाईला सगळं सांगितलं, ते मी ऐकलं. साहेब तिच्या खाटेजवळ खाली मान घालून बसले होते. तिनं त्यांना दोष दिला नाही. एवढंच विचारलं की घरात कुठं ओढता. साहेबांची धाकटी मुलगी सुचेता रात्री त्यांच्याच खोलीत अभ्यास करते, हे तिला अर्ध्या भिंतीपलीकडच्या बोलण्यातून ठाऊक होतं.

त्यांची सिगारेट सुटली नाही. पण पुढे सुचेताच सगळ्यांना सांगायची म्हणे, की बाबा जेवण झालं की चपला घालून रस्त्यावर जातात.

कारखाना विकला गेला आणि मी भंगारात आले. तुम्ही मला उचललंत, म्हणून हे बोलले. मित्रांनो, ओढणं हा माझा हक्क आहे, असं म्हणणारे तुम्हाला पुष्कळ भेटतील. त्यांच्याशी भांडत बसू नका. त्यांच्या शेजारी कोण बसलं आहे ते बघा, आणि आधी त्या माणसाला विचारा, तुला श्वास नीट घेता येतोय ना?