कळसाच्या वर

“बूट पायात होते का, मावशी? एवढंच सांगा,” चौकशीला आलेल्या साहेबांनी पेन उघडलं.

रंगुबाईनं पदर सावरला. भिंतीला टेकून सोनम उभी होती, मान खाली घालून. बूट असतील तर बापाच्या जागी पोरगी लागणार. नसतील तर मेलेल्याचीच चूक. मग जतच्या माळावर माघारी जायचं आणि टँकरच्या वाटेकडं डोळे लावून बसायचं.

तिचा नवरा सिद्धू वीस वर्षं डोंगरावरच्या रेडिओच्या टॉवरला होता. माथ्यावर डोंगराईचं देऊळ आणि देवळामागं टॉवर, कळसाच्या चौपट उंच. शिडीला हात लावायच्या आधी सिद्धू बूट काढायचा, कळसाकडं बघून कानाला हात लावायचा.

“घसरशील की रं गड्या,” जोडीदार नाथाजी म्हणायचा.

“आईच्या डोस्क्यावर पायताण घालून हुबा ऱ्हाऊ व्हय? तुझ्या आईच्या डोस्क्यावर ऱ्हाशील का?”

“माझी आई? ती नुसत्या शिव्यांनी खाली पाडंल मला!”

महिन्यामागं एका मंगळवारी सकाळी लोखंडावर दव होतं.

पंचनाम्याची माणसं यायच्या आत नाथाजीनं शिडीखालचे बूट पिशवीत घालून रंगुबाईला आणून दिले होते. “वैनी, बूट दवाखान्यात काढलं म्हना. पोरीचं बघा. गेलेल्याला आता काय?”

डोंगराईचा मंगळवारचा उपास धरल्यापासून रंगुबाईच्या तोंडून खोटं निघालं नव्हतं.

“व्हय सायेब,” ती म्हणाली. “घातलं हुतं. दवाखान्यात काढलं.”

साहेबांनी लिहून घेतलं. पान उलटून विचारलं, “नेहमी घालूनच चढायचे ना?”

रंगुबाईनं सोनमकडं बघितलं. एका दिवसाचं खोटं ती उरावर धोंडा ठेवून बोलली होती. हे तर वीस वर्षांचं होतं.

“आये,” सोनम पुटपुटली.

“व्हय. रोजच.”

दुसऱ्या दिवशी मंगळवार. नारळ घेऊन ती डोंगर चढली, पण उंबऱ्याशीच थांबली.

“आत या की वैनी,” गुरव म्हणाला.

“न्हाई. तुमीच वाढवा.”

गुरवानं नारळ घेतला. ती देवळामागं गेली. पिशवीतून बूट काढले आणि शिडीच्या तळाशी जोडीनं ठेवले. नाड्या सोडलेल्या, तो ठेवायचा तसे.