साडेसातशेचा डबा

दुरुस्तीवाल्या सुरेंद्रने चौथा स्क्रू काढून चहाच्या रिकाम्या कपात टाकला आणि डब्याचं झाकण उचललं. जळका वास भस्सकन वर आला. अश्विनीने पदर नाकाला लावला. तिचे सासरे सुधाकरराव मात्र दुकानाच्या दारातच उभे राहिले, सदऱ्याच्या खिशावर हात दाबून.

"आत या ना काका, बसा."

"राहू दे. इथंच बरा हाय मी."

बरे कसले! खिशात ती चिठ्ठी होती.

दसऱ्याच्या सुमारास अश्विनीच्या कॉम्प्युटरचा जुना एसएमपीएस बंद पडला होता. कॉम्प्युटरला वीज पुरवणारा तो पत्र्याचा डबा. अश्विनी तापाने अंथरुणावर, तिचा नवरा पंढरी ट्रॅक्टर घेऊन परगावी. मग सुधाकररावच तलमडुगूहून आदिलाबादला निघाले. सुनेने चिठ्ठीवर कंपनीचं नाव आणि ४५० वॅट हा आकडा लिहून दिला होता. पण बसस्टँडजवळच्या दुकानदाराने दोन डबे पुढे ठेवले, तेव्हा त्यांनी चिठ्ठी वाचलीच नाही. दोन हातांत दोन डबे घेतले. जन्मभर हाताने वजन केलेला माणूस. ताजव्यापेक्षा त्यांचा तळहात आधी बोलायचा. एक डबा बेताचा. दुसरा चांगला जड, आणि वर ठळक छापलेलं ७५०. आकडा मोठा, वजन दांडगं, वर किंमतही कमी. असा माल कोण सोडतो?

घरी आल्यावर अश्विनीने विचारलं, "चिठ्ठीतलाच आणला ना मामाजी?"

आणि ते सहज बोलून गेले, "हो, चिठ्ठीतलाच."

काल दुपारी तोच डबा फट्ट करून फुटला. निळसर धूर निघाला, पडदा काळा झाला आणि अश्विनीची वही आत अडकली.

वही म्हणजे एकशे बारा पानं. अश्विनी किनवटकडची. लग्न होऊन इकडे तेलंगणात आली तेव्हा तिला तेलुगूचं अक्षर येत नव्हतं. रेशनच्या दुकानात, बँकेत, दवाखान्यात ती मुकी होऊन उभी राहायची. सहा वर्षांत ती एकेक वाक्य शिकली, आणि मग मराठी शाळांतल्या पोरांसाठी, नव्या सुनांसाठी तिने मराठीतून तेलुगू शिकायची वही कॉम्प्युटरवर तयार केली. तीन शाळांचे हेडमास्तर ती वाटायला तयार झाले होते. शुक्रवारी छापखान्यात द्यायची होती. दुसरी प्रत नव्हती. पेनड्राइव्हवर घेऊ, घेऊ म्हणता राहून गेलं होतं.

कालपासून ती जेवली नव्हती. भांडली असती तर सुधाकररावांना बरं वाटलं असतं.

"हे पाहा गंमत," सुरेंद्र म्हणाला. त्याने पेचकसाने डब्याच्या तळाशी खरवडलं आणि काहीतरी उपसून काउंटरवर ठेवलं. खट्ट असा आवाज झाला.

लोखंडाची पट्टी होती. चार बोटं रुंद, गंजलेली, एका अंगाला वाळलेल्या चिकटीचे गोळे.

"हे कशाचं काम करते?" अश्विनीने विचारलं.

"काई काम नाई ताई. वजनाचं काम. आतला सामान हलका, फालतू. गिऱ्हाईक हातात घेऊन पाह्यते ना, मंग त्याले जड वाटलं पाह्यजे. अन् तो ७५० बी खोटाच. हे पाहा, बारा व्होल्टच्या लायनीवर अठरा अँपियर लिवलंय."

अश्विनीने मनातल्या मनात गुणाकार केला. "दोनशे सोळा वॅट. म्हणजे अडीचशेचा बी नाई हा."

"नाई ना!"

सुधाकररावांची कानशिलं तापली. त्यांना ती पट्टी चांगली ओळखीची वाटत होती. कापूस खरेदी केंद्रावर न्यायचा असला की आदल्या संध्याकाळी वजन वाढावं म्हणून ते स्वतः गंजीवर पाणी शिंपायचे. त्यांची बायको बयनाबाई बादली भरून ठेवायची, ते ओंजळीने उडवायचे. वरून कोरडं लागावं, आत मुरावं, आणि ओलाव्याचा मीटर लावणाऱ्याच्या हाती कोरडीच बाजू यावी, असा तो हिशेब. सारं गाव शिंपायचं. पण सुधाकररावांसारखा हात कोणाचा नव्हता, आणि त्याचा त्यांना अभिमान होता. तेच कुणीतरी त्यांच्यावर शिंपलं होतं, आणि त्यांच्या पक्क्या हाताला पत्ता लागला नव्हता.

"डिस्क?" अश्विनी काउंटरवर पुढे झुकली. "डिस्क जळली काय हो भाऊ?"

"लावून पाहू."

सुरेंद्रने तिच्या कॉम्प्युटरमधून डिस्क सोडवून आपल्या मशीनला जोडली. पडद्यावर एक बारीक चक्र फिरत राहिलं. सुधाकरराव केव्हा आत आले ते त्यांनाही कळलं नाही. अश्विनीने काउंटरची कड दोन्ही हातांनी धरली होती. चक्र फिरतच होतं. बाहेर कोणी भोंगा वाजवत होता, त्याला शिवी द्यावीशी वाटली त्यांना.

मग एकाखाली एक नावं उमटली.

"कोनती फाईल?"

"ती... ती तेलुगू वही लिवलेली."

फाईल उघडली. सुरेंद्र मध्येच कुठल्या तरी पानावर थांबला. पान होतं बाजाराचं. एका बाजूला मराठी, दुसऱ्या बाजूला तेलुगू, मराठी अक्षरांत. त्याने हसत मोठ्याने वाचलं, "कापूस कोरडा आहे. पत्ति पोडिगा उंदि. वा ताई! हे तर आमच्या बापाले बी येत नव्हतं."

अश्विनी खाली बाकावर बसली आणि रडायला लागली. हसतही होती. सुधाकररावांनी तोंड फिरवून भिंतीवरचं कॅलेंडर बराच वेळ पाहिलं. सुटलो रे देवा, सुटलो, एवढंच त्यांच्या मनात येत होतं.

सुरेंद्रने आधी सारी वही पेनड्राइव्हवर उतरवून तिच्या हातात दिली. मग एक दुसरा एसएमपीएस लावून पाहिला. कॉम्प्युटरचा मुख्य बोर्डही शाबूत होता. आता नवा डबा घ्यायचा होता. त्याने दोन पुढे ठेवले. अश्विनीने डोळे पुसले आणि दोन्हींवरची बारीक अक्षरं वाचायला घेतली. बारा व्होल्टवर अँपियर किती, कंपनीची हमी किती वर्षांची, त्या हमीसाठी बिलावर डब्याचा नंबर लिहून मिळेल का. एक बाजूला सारला. दुसरा उचलून तिने सासऱ्यांपुढे धरला.

"मामाजी, तुमी घ्या बरं हातात."

"मी काऊन? माह्या हाताचं पाह्यलं ना आता."

"घ्या तं."

त्यांनी घेतला. जड होता, पण चहूबाजूंनी सारखा. त्या फुटलेल्या डब्याचं वजन एकाच अंगाला ओढत होतं, हे त्यांना आत्ता आठवलं. तेव्हाही तळहाताला कळलं असणार, पण आकड्याने डोळे दिपवले होते.

"हा चांगला हाय," ते म्हणाले.

"मले बी तोच वाटते."

निघताना त्यांनी ती लोखंडी पट्टी मागून घेतली. सुरेंद्रने नवलाने पाहिलं आणि देऊन टाकली.

बसमध्ये जागा मिळाली. गाव जवळ आलं तेव्हा सुधाकररावांनी खिशातली चिठ्ठी काढून सुनेच्या मांडीवर ठेवली. घडीवर घडी पडून ती फाटायला आली होती.

"म्या तुले खोटं सांगतलं होतं."

अश्विनीने चिठ्ठी उघडून पाहिलीही नाही. "मले मालूम होतं. डब्यावरच छापलं होतं ना साडेसातशे."

"मंग बोलली काऊन नाई?"

"तुमी एवढ्या उन्हाचे जाऊन आणला. अन् खरं सांगू? मले बी वाटलं, आकडा मोठा हाय तं चांगलाच असन. म्या बी लेबलावरचं बारीक वाचलं नाई."

सुधाकरराव खिडकीबाहेर पाहत हसले. काल दुपारपासून पहिल्यांदाच.

"म्हणजे आपण दोघंबी बह्याडच," ते म्हणाले.

"एकाच घरचे," ती म्हणाली.

घरी पोचले तेव्हा दिवस कलला होता. उद्या कापूस न्यायचा होता. बयनाबाईने नेमाप्रमाणे गंजीजवळ बादली भरून ठेवली होती. सुधाकररावांनी चप्पल काढली, त्या बादलीतलं पाणी घेऊन सावकाश दोन्ही पाय धुतले, तोंडावर हबका मारला आणि उरलेलं पाणी लिंबाच्या आळ्यात ओतलं.

"अहो! कापसावर काय शिंपसान मंग?"

त्यांनी खिशातली पट्टी काढून तिच्या हातात दिली.

"हे काय होय?"

"पाणीच होय. दुकानवाल्यानं आपल्या डब्यावर शिंपलेलं."

बयनाबाईने पट्टी उलटीपालटी करून पाहिली. आतून अश्विनीच्या कॉम्प्युटरची घुरघुर ऐकू येऊ लागली होती. "वजन कमी भरन," ती एवढंच म्हणाली आणि बादली पालथी घालून ठेवली.

रात्रीच्या भाकरीला अश्विनी सगळ्यांबरोबर बसली. सुधाकररावांनी तिला ते बाजाराचं वाक्य तीनदा म्हणून दाखवायला लावलं. साठ वर्षांत त्यांचं सारं मोडक्या हिंदीवर भागलं होतं.

दुसऱ्या दिवशी खरेदी केंद्रावर त्यांचा नंबर आला. मीटरवाला तरुण कंटाळलेला होता. त्याने मीटरची नळी पुढे केली. एरवी या वेळी सुधाकरराव त्याला बोलण्यात गुंतवून हळूच कोरड्या बाजूला न्यायचे. आज त्यांनी कापसाच्या ढिगात कोपरापर्यंत हात घातला आणि तळाचा कापूस मुठीने वर काढून त्याच्यापुढे धरला.

"पत्ति पोडिगा उंदि," ते खणखणीत म्हणाले.

तरुणाने मान वर करून पाहिलं, हसला आणि मीटर आत खुपसला. सुधाकररावांनी आकडा पाहिला नाही. ते बाजूला जाऊन तंबाखू मळत बसले.